पेरू, पेरुगु आणि बँकॉकमधली सातवी माळ

आमचं राहाता नगर-मनमाड रस्त्यावर, शिर्डीच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जिभेवरचं ‘नगर’ काही जाता जात नाही. राहात्याची ओळख दोन गोष्टींनी. एक आमचे पेरू, आणि दुसरी म्हणजे दारावरून शिर्डीकडे वाहणारी साईभक्तांची रीघ. या दोन्हींची एकदा आमच्याच दारात गाठ पडली. ती गोष्ट आमच्याकडे आल्या-गेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते. मला खरं सांगायचंय ते बँकॉकचं, पण मैत्रिणींनो, त्याचं मूळ इथं आहे, म्हणून आधी ही ऐका.

तेव्हा सासऱ्यांचं रस्त्याच्या कडेला चहा-भज्यांचं छोटंसं हॉटेल होतं. मी या घरात यायच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. दुपारी एक गाडी थांबली. आंध्रातली मंडळी. त्यातली एक बाई पुढे आली आणि सासूबाईंना म्हणाली, “पेरुगु उंदा?”

सासूबाईंना वाटलं, वा, आपल्या पेरूंचं नाव पार आंध्रात पोचलं! “आहेत ना!” म्हणून त्यांनी किलोभर पेरू तोलून पुढे केले. बाई मान हलवून म्हणते, “पेरुगु, पेरुगु.” सासूबाईंनी ते काढून पिकलेले दिले. तरी नाही. मग हिरवे, कडक दिले. तेही नाहीत. शेवटी एक पेरू चिरला, त्यावर तिखट-मीठ भुरभुरवलं आणि बशीतून दिला. बाई रडकुंडीला आलेली आणि सासूबाई घामाघूम. तेवढ्यात त्यांचा ड्रायव्हर हात धुऊन आला आणि म्हणाला, “मावशी, दही मागतायत त्या. पेरुगु म्हणजे दही!”

त्या मंडळींनी मग दहीही घेतलं आणि पेरूही. सासूबाई मात्र अजून सांगतात, “मेली दह्याला पेरू म्हणते, तर मी काय करू?”

‘अन्नम’चीही अशीच गंमत. तेलुगूत अन्नम म्हणजे नुसता भात. आपल्याला वाटतं, बाई अन्न अन्न करतेय, भुकेली आहे बिचारी, म्हणून आपण गरम पोळ्या वाढतो. ती बिचारी पोळीकडे बघत बसते आणि पुन्हा म्हणते, “अन्नम?” आपण आणखी एक पोळी वाढतो!

शिर्डीने हे कोडं आपल्या परीनं सोडवलं. १९८६ साली साईबाबांवरचा तेलुगू चित्रपट निघाला, तिकडच्या भाविकांची गर्दी वाढत गेली. पूर्वी लोक मनमाडला नाहीतर कोपरगावला उतरून एस.टी.नं यायचे. २००९ साली शिर्डीला रेल्वे आली आणि २०१७ च्या ऑक्टोबरात काकडीचा विमानतळ सुरू झाला. आता तिथल्या हॉटेलांवर तेलुगू, तमिळ अक्षरांतल्या पाट्या आहेत. टेबल पुसणारं पोरगं दहावी नापास असेल, पण चार भाषांत ऑर्डर घेतं. ‘कारम वद्दु’ म्हटलं की तिखट कमी, ‘मज्जिग’ म्हटलं की ताक. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी, पण त्या पोरांपुढे हात टेकते. संस्थानच्या प्रसादालयात तर हा प्रश्नच नाही. बसलात की ताट समोर येतं, मागायचं काही नाही. बाहेर मात्र मागावं लागतं, आणि मागायला शब्द लागतो.

आमच्या दारात आणखी एक अशीच गोष्ट घडलेली आहे. ती माझी आहे, आणि ती पाहुण्यांना सांगितली जात नाही. पुढे सांगेन.

तर बँकॉक. हॉटेलच्या जागेवर आता आमच्या ह्यांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. वर्षभराच्या विक्रीवर एका कंपनीनं दुकानदारांना बँकॉक-पट्टायाची सहल दिली, तीही जोडीनं. विमानात कधी पाय न ठेवलेली मी! पण तारखा आल्या २०२४ च्या ऑक्टोबरातल्या, ७ ते ११. म्हणजे ऐन नवरात्र. ३ तारखेला घट बसणार आणि १२ ला दसरा.

आमच्याकडे नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतो आणि तो सासूबाई करत. त्या वर्षी डॉक्टरांनी साखरेमुळे त्यांना सक्त मनाई केली. मग त्यांनी तो उपवास मला दिला. दिला म्हणजे कसा, घरातल्या किल्ल्यांचा जुडगा द्यावा, तसा दिला. पहिलंच वर्ष माझं, आणि त्यात ही सहल! मी म्हटलं, आपण जात नाही. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. सासूबाईंनी दोन दिवस काहीच उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी देवापुढे बसल्या बसल्या म्हणाल्या, “मोहटादेवीला काय बँकॉक लांब आहे? जा. माळ धाकटी घालील. पण उपवास घरचा आहे, एवढं ध्यानात ठेव.” धाकटी म्हणजे माझी जाऊ.

मी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, साबुदाण्याचा चिवडा, खजूर असं सगळं एका मोठ्या डब्यात भरलं. कपड्यांपेक्षा डबा जड! आणि हाच डबा तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टायाच्या खोलीतल्या कपाटात राहिला. बस सुटून दीड तास झाल्यावर मला आठवण झाली. चूक माझीच. घाईघाईत साड्यांच्या घड्या मोजल्या, पण डबा मोजला नाही.

आमच्या बसमध्ये एक थाई वाटाड्या होता. पोरगेलासा, हसरा, तोडकंमोडकं हिंदी बोलणारा. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की इथं जवळजवळ प्रत्येक पदार्थात माशाचं पाणी असतं, मीठ घालावं तसं घालतात. कच्च्या पपईची कोशिंबीर दिसली म्हणून शाकाहारी समजू नका. शाकाहारी पाहिजे तर म्हणा, ‘मांगसविरात’. सगळ्यांनी ते पाठ करायचा प्रयत्न केला आणि हसून हसून सोडून दिलं. मी मात्र चमकले. मांगस म्हणजे मांस आणि विरात म्हणजे विरती. अहो, हा तर आपलाच शब्द, मांसविरती! मग मला नादच लागला. जेवणाला ते म्हणतात ‘आहान’, म्हणजे आहार. भाषेला ‘फासा’. शहराला ‘नाखोन’, म्हणजे आपलं नगर! विमानतळाचं नाव तर सरळ सरळ सुवर्णभूमी, आणि आत समुद्रमंथनाची भली मोठी मूर्ती. मी ह्यांना प्रत्येक शब्द सांगत होते आणि हे डुलक्या घेत होते.

त्या मुलानंच आणखी एक शब्द सांगितला, ‘जे’. सध्या इथल्या चिनी वंशाच्या लोकांचं नऊ दिवसांचं व्रत चालू आहे. पांढरे कपडे घालायचे आणि ‘जे’ जेवण जेवायचं. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, दूधही नाही. वर कांदा नाही, लसूण नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“थ्री ऑक्टोबर.”

“अहो ऐकलंत का?” मी ह्यांना गदागदा हलवलं. “आपल्याच दिवशी बसलेत ह्यांचेही घट!”

घट नव्हेत, पण दिवस तोच. पुढे मी याचा छडा लावला. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस ते पाळतात. त्यांचेही महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे पुष्कळदा ती आपली अश्विन शुद्ध प्रतिपदाच येते. त्यांनाही अधिक महिना असतो. तो आपल्याशी जुळला नाही, की फरक पडतो. २०२५ साली आपलं नवरात्र सप्टेंबरात बसलं आणि त्यांचं व्रत सुरू झालं ते ऑक्टोबरात, दिवाळीच्या दिवसांत. पण २०२४ साली दोन्ही अगदी हातात हात घालून होती.

९ तारखेला, सातव्या माळेला आम्ही बँकॉकमध्ये पोचलो. दुपारचं जेवण एका भारतीय हॉटेलात. पनीर, छोले, जिरा राईस. इतर बायका खूष. मला मात्र त्यातलं काय चालणार? वाटीभर दही आणि दोन केळी खाऊन उठले. संध्याकाळी मंडळी मोठ्या दुकानांकडे गेली. मी ह्यांना म्हटलं, “मला त्या व्रतवाल्या लोकांकडे घेऊन चला.” त्यांचा तो भाग म्हणजे तिथला चिनी बाजार. नाव ‘याओवारात’. हाही आपलाच शब्द, युवराज! पण एव्हाना हे माझ्या शब्दांना कंटाळले होते, म्हणून मनातच ठेवला.

काय सांगू तुम्हाला तो रस्ता! दोन्ही बाजूंनी पिवळे झेंडे. त्यावर लाल रंगात एक अक्षर, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसणारं. तेच ‘जे’. कढया, वाफा, तळणीचा चुरचुराट, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. आपल्याकडे शिर्डीला दसऱ्याच्या आदल्या दिवशी असतं तसं वातावरण. बघता बघता पाऊस कोसळायला लागला. आम्ही पळत एका गल्लीत शिरलो आणि पिवळा झेंडा लावलेल्या एका छोट्या दुकानाच्या छपराखाली उभे राहिलो. चार टेबलं, मागे स्वयंपाकघर. मालकीण साठीच्या पुढची, पांढरा सदरा, पांढरी विजार, केस मागे घट्ट बांधलेले. तिनं हातानंच ‘बसा’ म्हणून सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा काजवे चमकत होते. बसलेच.

हे म्हणाले, “काळजी करू नकोस, मोबाईलमध्ये भाषांतर होतं.” त्यांनी इंग्रजीत लिहिलं की माझ्या बायकोचा आज फास्ट आहे. मोबाईलनं ते थाईत करून दाखवलं. मालकिणीनं वाचलं, माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि आत ओरडून काहीतरी सांगितलं. एकदम धावपळ उडाली. दुसऱ्या मिनिटाला माझ्यासमोर वाफाळत्या शेवयांचा वाडगा आदळला! आणि ती बाई हाताने ‘लवकर, लवकर’ अशी खूण करत उभी. आम्ही उपवास सांगितला आणि तिला कळली घाई. मोबाईलनं फास्टचं ‘जलद’ करून ठेवलं होतं!

वाडग्यात बघते तर वर खरपूस, तांबूस तुकडे. सालीसकट, रेषा रेषा दिसणारे. मी खुर्ची मागे सरकवून उभीच राहिले. मालकिणीला ते कळलं. ती हसली, एक तुकडा उचलला, बोटांनी तोडला आणि आतून दाखवला. पोळीच्या कणकेसारखा पांढरा. झेंड्याकडे बोट दाखवून म्हणाली, “जे, जे.” कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढल्यावर जो चिवट अंश मागं राहतो ना, तसल्यापासून ते बदक बनवतात, अगदी हुबेहूब. बदकाची आठवणही नको म्हणून व्रत करायचं आणि जेवायचं मात्र बदकासारखं, हे मला काही पटलं नाही. पण आपल्याकडे तरी काय, उपवासाचा डोसा आणि उपवासाची कचोरी करतोच की.

पण गहू मला चालत नव्हता. मी मान हलवली. तिनं विचारलं, “खाव? खाव?”

“बघ!” हे खूष. “हिंदी येतं त्यांना! खाओ म्हणतायत.” आणि जोरजोरात म्हणाले, “हां हां, खाओ!”

आला भात. ‘खाव’ म्हणजे त्यांच्याकडे भात! सासूबाई आणि त्यांचा अन्नम मला तिथं आठवले. फरक एवढाच, की या वेळी पोळीकडे बघत बसलेली बाई मी होते. मी भातही सरकवला. आता मात्र मालकीण गोंधळली. मांस नको, शेवया नकोत, भातही नको, मग हिला पाहिजे तरी काय? शेजारच्या टेबलावरची दोन माणसं आमच्याकडे बघायला लागली. हे पुन्हा मोबाईल काढून लिहायला गेले, तर दिवसभर फोटो काढून काढून त्याचा जीव गेलेला. मला इतकी लाज वाटली की उठून पावसात निघून जावं.

निघण्याऐवजी मी काय केलं, तर झेंड्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःकडे. दोन्ही हातांची नऊ बोटं वर केली. हात जोडले आणि मान वर करून देवाकडे बघितलं. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी एवढा अभिनय केला नसेल! तिनं माझी बोटं मोजली. मग आपला पांढरा सदरा चिमटीत धरून दाखवला आणि स्वतःचीही नऊ बोटं वर केली. मी मान डोलावली. मग मी भाताच्या वाडग्यावर आडवा हात धरला, शेवयांवर धरला आणि पुन्हा हात जोडले. ती क्षणभर थांबली. मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला सरळ आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली.

मी सवयीनं उंबऱ्याशी चपला काढल्या. ओळीनं सात-आठ पातेली. तिनं एकेकाचं झाकण काढायला सुरुवात केली. झाकण काढायची, माझ्या तोंडाकडे बघायची. मी ‘नाही’ म्हटलं की शांतपणे झाकण ठेवायची आणि पुढचं काढायची. ना कपाळावर आठी, ना घाई. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत होती.

आणि तिथं, त्या वाफेत उभी असताना, मला माझी गोष्ट आठवली. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, २०१२ चा उन्हाळा. घरात मी एकटी. रस्त्यावर एक बस पंक्चर होऊन थांबली होती. मागच्या दारी एक बाई आली, कडेवर दीडेक वर्षाचं रडून रडून लाल झालेलं मूल. “पालु, पालु,” म्हणत होती. मी आधी भिंतीकडे पाहिलं, पाल कुठं आहे म्हणून! तिनं मुलाकडे बोट दाखवलं, तोंडाशी हात नेला, पुन्हा “पालु”. मला काही समजेना. आणि खरं सांगते, समजून घ्यायचा मी फारसा प्रयत्नही केला नाही. एकटी असताना अनोळखी माणसाला दार उघडू नये, असं घरच्यांनी बजावलेलं. मी “नाही, नाही” म्हणून हात हलवला आणि दार लावून घेतलं. जाळीतून बघितलं, तर ती थोडा वेळ तशीच उभी होती, मग गेली. संध्याकाळी मी ही पालीची गंमत सगळ्यांना हसत हसत सांगितली. शेजारचा मुलगा शिर्डीला हॉटेलात कामाला होता. तो म्हणाला, “वहिनी, पालु म्हणजे दूध.” त्या वेळी माझ्यामागे शेगडीवर दोन लिटर दूध तापत होतं. पुढे मला मूल झालं, ते रात्री दुधासाठी रडायचं, तेव्हा ती बाई कितीदा तरी माझ्या डोळ्यांपुढे यायची. ही गोष्ट मी पुन्हा कुणाला सांगितली नव्हती.

सहाव्या की सातव्या पातेल्यात साबुदाणा होता! मोत्यासारखा, नारळाच्या दुधात, वरून शहाळ्यातल्या मलईचे तुकडे. मी जवळजवळ ओरडलेच, “साबुदाणा!” ती म्हणाली, “साखू.” मी म्हटलं, “साबू.” ती म्हणाली, “साखू, साखू,” आणि दोघी हसायला लागलो. शेजारच्या पातेल्यात नारळाच्या दुधातलीच केळी, आणि वाफेवर उकडलेली रताळी. मी तिन्हींकडे बोट दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की जणू तिचीच भूक भागली. एका पातेल्यात मक्याचे दाणे घातलेलाही साबुदाणा होता, तो मी नको म्हटला, तेही तिनं निमूट मानलं. मका का नको, हे मला तरी कुठं सांगता आलं असतं!

मी दोन वाडगे साबुदाणा खाल्ला. ह्यांनी बदक खाल्लं आणि फार छान होतं म्हणाले. पैशांच्या वेळी तिनं गणकयंत्रावर आकडा दाखवला, आम्ही तेवढे दिले. जास्त द्यायला गेलो तर तिनं परत केले. मी वाकून नमस्कार केला, तिनंही छातीशी हात जोडले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी वाटाड्याला त्या केळ्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, त्या पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘संन्यासिनी झालेलं केळं’. तिथल्या संन्यासिनी पांढरी वस्त्रं नेसतात आणि केळंही पांढऱ्या दुधात बसलेलं, म्हणून. केळ्यानंही दीक्षा घेतलेली! मला हे फार आवडलं. त्याच दिवशी मी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीकडून तिच्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, की भात, गहू, मका, डाळ, मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण चालत नाही, आणि रताळी, केळी, साबुदाणा, नारळ, फळं चालतात. लहान लहान वाक्यं, एकही अवघड शब्द नाही. परदेशी जाणाऱ्या मैत्रिणींनी हे पहिल्याच दिवशी करावं. ‘फास्ट’, ‘व्हेज’ असले एकेकटे शब्द मोबाईलला देऊ नयेत. आणि फराळाचे दोन लहान डबे करावेत, एक मोठा नव्हे. विसरला तर एकच विसरेल.

त्या चिठ्ठीवर आठवी आणि नववी माळ बिनघोर पार पडली. शेवटच्या दिवशी रस्त्यात फळांची गाडी दिसली. त्यावर काय असावं? पेरू! आपल्यापेक्षा मोठे, फिकट हिरवे, चिरून ठेवलेले आणि सोबत तिखट-मीठ-साखरेची पुडी. ह्यांनी राहातेकराच्या अधिकारानं एक फोड उचलली. गाडीवाला म्हणाला, “फरांग.” ह्यांना राग आला. “आपल्याला फिरंगी म्हणतोय तो!” वाटाड्या पोट धरून हसला. पेरूला तिथं फरांग म्हणतात, आणि गोऱ्या परदेशी माणसालाही फरांगच. “मग आम्ही कोण?” ह्यांनी विचारलं. तो म्हणाला, तुम्हाला म्हणतात ‘खॅक’, म्हणजे पाहुणे. ह्यांचं समाधान झालं. पेरूची चव? करकरीत, पण राहात्याच्या पेरूचा वास नाही त्याला. हे मी एकटीच नाही म्हणत, आमच्या बसमधल्या लोणीच्या बाईंनीही सांगितलं.

दसऱ्याला घरी पोचलो. सासूबाईंनी सोनं घेतलं आणि पहिला प्रश्न, “मोडला का?”

“नाही मोडला. साबुदाणा खाल्ला.”

“तिथं कुठला साबुदाणा?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तिनं तुला चुलीपाशी नेलं?” मी हो म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ते नारळाचं दूध पातळ होतं का दाट?”

आता आमच्याकडे एकादशीला तो पदार्थ होतो. वाटीभर साबुदाणा धुऊन, भरपूर उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. मणी काचेसारखे झाले आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढाच पांढरा ठिपका राहिला, की झाकून बाजूला ठेवायचं, तोही जातो. मग गाळून थंड पाण्यात बुचकळायचा, म्हणजे गोळा होत नाही. नारळाचं पहिलं, दाट दूध साखर आणि मिठाची चिमूट घालून नुसतं गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, नाहीतर फाटतं. त्यात साबुदाणा घालायचा. शहाळ्यातली मलई मिळाली तर उत्तम. मीठ मात्र विसरू नका, सगळी गंमत त्यात आहे. आमच्या जाऊबाई वर वेलदोडा घालतात. मी नाही घालत.

आणखी एक काम मी केलं. शेजारच्या त्या मुलाकडून तेलुगू शब्द वहीत उतरवून घेतले. पालु, नीळ्ळु, अन्नम, पप्पु, पेरुगु, उप्पु. दूध, पाणी, भात, डाळ, दही, मीठ. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो दुकानात काउंटरच्या मागे चिकटवला. ह्यांनीही ते बी-बियाण्यांच्या जातींसारखे पाठ केले.

गेल्या थंडीत सासूबाई नेहमीप्रमाणे दुकानाच्या पायरीशी पेरूची पाटी घेऊन बसल्या होत्या. एक गाडी थांबली. कपाळाला मोठं कुंकू, केसांत फुलं, अशी एक तेलुगू बाई उतरली आणि हसून म्हणाली, “पेरू?”

सासूबाई तोंड उघडणार, तेवढ्यात दुकानातून ह्यांचा आवाज, “अगं, दही आण, दही!” मी धावत जाऊन फ्रिजमधलं पातेलं आणलं. बाईनं दह्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग पाटीतला एक पेरू उचलून माझ्यापुढे धरला आणि आम्हाला समजावं म्हणून एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, “पे-रू. एक किलो.”